तेल सांडलं की पाचट टाका? आधी खाडीत उतरा

दर्याकिनारी (अलिबाग): काल इथे एकाने लिहिलं, 'समुद्रात तेल सांडलं की उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं टाका, तेल पिऊन घेतं, शेतकऱ्यालाही चार पैसे.' डोकंच तापलं. ७ ऑगस्ट २०१० ला 'चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं मुंबईजवळ एकमेकांवर आदळली, तेल सांडलं, तेव्हा आईने डोलीचं जाळं घासलेटने धुतलं. हाताची सालं निघाली, आणि मासे घ्यायला गिऱ्हाईक नाही. सुटं पाचट आधी पाणी पितं आणि बुडतं. कांदळवनातून ते तेलकट पाचट वेचणार कोण?

ऊसकरी (कराड): ते मीच लिहिलं. सुटं टाका म्हटलेलं नाही. २०२० ला मॉरिशसला 'वाकाशिओ' जहाजातून सुमारे १००० टन तेल गळलं. लोकांनी उसाची पानं कापडात भरली, तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या, लांबच लांब नळ्या शिवून पाण्यात सोडल्या.

दर्याकिनारी: तो बांध झाला. तेल अडवणं वेगळं, शोषणं वेगळं.

प्रयोगशाळा: कच्च्या कापसावर मेण असतं, म्हणून तो पाणी झटकतो आणि तेल धरतो. पाचट, तूस, बगॅस (उसाचा रस काढून उरलेला चोथा) यांना पाण्याची ओढ. ॲसिटिलेशन ही रासायनिक प्रक्रिया केली तर ती कमी होते, पण त्याला खर्च येतो.

शिवार (शिरोळ): आणि पाचट वाया जातं हे कुणी ठरवलं? खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात) सरीत दाबा, ओल टिकते, जमीन भुसभुशीत होते. बगॅस तर कारखाने बॉयलरला घालून वीज विकतात.

ऊसकरी: दाबा म्हणणं सोपं आहे! ऊसतोड टोळी म्हणते, पेटवल्याशिवाय फडात उतरणार नाही. गेल्या हंगामात शेजारच्या बांधावरून आग आली, माझा ऊस 'जळीत' ठरवून कारखान्याने कपात केली. आग मी लावली होती का?

शिवार: सगळे पेटवतात म्हणूनच ती तुमच्या बांधावर आली. मी सहा वर्षं काडी लावलेली नाही.

ऊसकरी: तुमची टोळी ऐकते. माझी मुकादमाचं, म्हणजे टोळी आणणाऱ्याचं ऐकते. तो उचल (आगाऊ पैसे) घेऊन पळाला तर पैसे तुम्ही भरणार?

शिवार: मुकादमाचं खरं आहे. तिथे माझ्याकडेही उत्तर नाही.

दर्याकिनारी: तुमचा फड तुम्ही बघा. खाडीच्या तोंडाशी आडवं बांधायला पाचट चालेल, एवढं मान्य. पण नळ्या पावसाळ्याआधी शिवून बंदरावर ठेवा. आणि तेल प्यायलेलं पाचट कुठे न्यायचं, तेही आधी ठरवा. आमच्या वाळूत पुरू देणार नाही.