सिकलसेलच्या औषधाच्या सल्लागार मंडळावर बोलावलंय, मी तिथे काय विचारू?

शहाद्याचा कंडक्टर

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, अठरा वर्षं झाली. निम्मी नोकरी धडगावच्या गाड्यांवर गेली. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्याच्या तपासणीत मी आणि माझी घरची, दोघंही त्या आजाराचे वाहक निघालो, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही. मुलगी एसएस, म्हणजे तिला दोघांकडून दोष आला आणि प्रत्यक्ष आजार आहे. आता चौदा वर्षांची आहे, नववीत.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलंय. सिकलसेलवर नव्या औषधाचं काम चाललंय, त्याला शास्त्रीय सल्लागार मंडळ नेमलंय आणि त्यावर रुग्णाच्या घरचा एक माणूस हवाय. आमच्या डॉक्टरांनी माझं नाव दिलं. बाकी सगळे प्रोफेसर, मोठे डॉक्टर, औषध कंपन्यांत काम केलेले लोक. वर्षाला दोन बैठका. सोबत चाळीस पानांची फाइल आणि गुप्ततेचा करार, त्यावर सही मागितलीय.

फाइल मी दोनदा वाचली. कळलं ते एवढंच, की रुग्णाने दर पंधरा दिवसांनी केंद्रावर यायचं, रक्त द्यायचं, आणि हिमोग्लोबिन किती वाढलं यावरून औषध चाललं की नाही ते ठरणार.

इथेच माझं मन अडलंय. मागच्या पौषात मुलगी रात्री दोनला उठली. दोन्ही गुडघे आणि कंबर. ती रडत नाही. ओठ आवळून धरते आणि पायाचा अंगठा गोधडीवर घासत राहते. तो आवाज आला की आम्ही दोघं उठतो. गरम पाण्याची पिशवी, तांब्याभर पाणी, गोळी. सकाळी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. आठवड्यापूर्वी ती अंगणात लंगडी खेळत होती, तेव्हाही साडेआठच होतं.

मग नुसत्या हिमोग्लोबिनवरून ठरवायचं कसं? हे मी एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर विचारावं का? मंडळ खरंच काही ठरवतं की कागदावर आमच्यासारख्यांचं नाव हवं म्हणून बोलावतात? आणि सही करू का? घरची म्हणते, "पोरले दुखस किती, ते इचारज्यात." बाकी मला काही सुचत नाही.

निवृत्त केमिस्ट, जळगाव

भाऊ, बिनघोर जा. आणि तुमचा हाच प्रश्न पहिला विचारा.

मी पंचवीस वर्षं औषधं शोधण्याच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणजे अशा मंडळासमोर उभं राहून उत्तरं देणाऱ्यांपैकी मी. मंडळावरची माणसं बाहेरची असतात, संस्थेच्या पगारावर नसतात. रेणू, म्हणजे औषध होऊ शकेल असा पदार्थ, बरोबर निवडला का, प्राण्यांवरचे निकाल पुरेसे आहेत का, माणसांवर जायची वेळ आली का, की इथेच थांबावं, हे ते विचारतात. हुकूम सोडत नाहीत, सल्ला देतात. पण सल्ला एकदा इतिवृत्तात लिहिला गेला की तो का पाळला नाही, याचं उत्तर पुढच्या बैठकीत द्यावं लागायचं. आमचा आठ महिने खपून केलेला एक रेणू एका बाईंच्या प्रश्नावर थांबला. उंदरांच्या यकृताचे काप त्यांनी परत मागून घेतले आणि स्वतः पाहिले. तेव्हा मला फार लागलं होतं. त्या बरोबर होत्या.

आता तुमच्या साडेआठबद्दल. व्हॉक्सेलोटर नावाचं सिकलसेलचं औषध होतं. २७४ रुग्णांवर चाचणी झाली. २४ आठवड्यांनी मोठ्या डोसच्या गटात ५१ टक्के लोकांचं हिमोग्लोबिन १ ग्रॅमहून जास्त वाढलं, खोट्या गोळीच्या (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) गटात ७ टक्क्यांचं. आकडा झकास. त्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. दुखण्याचे अटॅक मात्र ठळकपणे कमी झालेले दिसले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतलं, कारण नंतरच्या माहितीत औषध घेणाऱ्यांमध्ये अटॅक आणि मृत्यू जास्त दिसू लागले.

तुम्ही गादीजवळ बसून जे पाहिलंत, तेच तिथे मांडायचंय. शिकलेल्या माणसांचा संकोच धरू नका.

धुळ्याची वकीलताई

दादा, मी धुळ्यात एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे चाचणीत रुग्णांवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीवर, काम करते, म्हणून कराराबद्दल आधी. गुप्ततेचा करार नेहमीचा असतो, घाबरू नका. पण दोन गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्या: मुलीच्या आजाराबद्दल तुम्ही कुठेही बोलू शकता, आणि रुग्णांच्या जिवाला धोका दिसला तर तो एथिक्स कमिटीला कळवायला तुम्हाला आडकाठी नाही. प्रवासखर्च आणि मानधन किती, तेही लेखी. तुमची रजा बुडते.

सल्लागार मंडळ आणि एथिक्स कमिटी ही वेगळी प्रकरणं आहेत. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांनुसार कमिटीवर निदान सात जण लागतात, त्यात एक सामान्य माणूस, एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार. निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. तिच्या परवानगीशिवाय चाचणी सुरूच होत नाही. तिसरं असतं डेटा सेफ्टी मॉनिटरिंग बोर्ड. कोणाला खरं औषध मिळतंय आणि कोणाला खोटं, हे चाचणी चालू असताना त्यांना पाहता येतं. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध, जे बहुधा तुमची मुलगीही घेत असेल, त्याची मोठी चाचणी २९९ प्रौढांवर झाली. तिथे अटॅकच मोजले होते: खोट्या गोळीवर वर्षाला साधारण साडेचार, औषधावर अडीच. फरक इतका उघड होता की जानेवारी १९९५ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. खोट्या गोळीवर लोकांना आणखी ठेवणं बरोबर नव्हतं. तुमच्या चाचणीला असं बोर्ड आहे का, हे विचारा.

धडगावकडची सिस्टर

भाऊ, मी तुमच्याच गाडीने ये-जा करते बहुतेक. वकीलताईंचं खरं आहे, पण त्यात एक मेख आहे. त्या चाचणीत अटॅक कधी धरला गेला? रुग्ण दवाखान्यात चार तासांहून जास्त राहिला आणि त्याला दुखण्यावर जोराचं इंजेक्शन द्यावं लागलं, तर. आमच्या पाड्यांवर ही मोजणी लावली तर अर्ध्या लोकांना वर्षभर अटॅकच आला नाही असं निघेल! पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की माणूस येणार कुठून? घरीच शेकत बसतात. ती रात्र कुणाच्या वहीत लिहिली जात नाही.

पंधरा दिवसांची फेरीही अशीच. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. होळीला काहीही झालं तरी येतात. मध्ये चार महिने त्यांचं रक्त कोण घेणार? मग कागदावर "रुग्णाने सहकार्य केलं नाही" असं लिहितात. मला त्या वाक्याचा फार राग येतो. आणि संमतीचा फॉर्म पावरीत, भिलीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलींत, वाचून दाखवणार का? मराठी फॉर्मवर अंगठा उठवला म्हणजे समजलं असं होत नाही.

शहाद्याचा कंडक्टर

काल बैठकीहून परत आलो. सगळ्यांना सांगायचंय.

सही केली, वकीलताईंच्या दोन्ही ओळी घालून. त्यांनी हरकत घेतली नाही. चाचणीला डेटा सेफ्टी बोर्ड आहे, तेही विचारलं.

माझी पाळी आली तेव्हा घशाला कोरड पडली होती. अंगठ्याच्या आवाजाचं सांगितलं, मग साडेआठचं. आकडेवारी पाहणाऱ्या मॅडमनी विचारलं, अशा रात्री किती? माझ्या ड्यूटीच्या डायरीत मी फुल्या करतो, ती खिशात होती. दिवाळीपासून ११ रात्री, त्यातल्या २ वेळा दवाखाना. त्यांनी डायरी मागून घेतली, स्वतः फुल्या मोजल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, आपल्या मोजणीतून नऊ रात्री गळतायत.

त्यावर तासभर बोलणं झालं. हिमोग्लोबिन मोजणार, पण त्याच्या जोडीला घरच्या दुखण्याची वही ठेवायची, शाळा आणि मजुरी किती दिवस बुडली तेही लिहायचं, असा सल्ला इतिवृत्तात आला. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची वही. फॉर्म पावरी आणि भिलीत वाचून दाखवून त्याचं रेकॉर्डिंग करायचं. पंधरा दिवसांची फेरी मात्र पहिले तीन महिने तशीच राहणार. पांढऱ्या पेशी अचानक खाली गेल्या तर जिवावर बेतू शकतं, हे एका डॉक्टरांनी मला कागदावर काढून समजावलं. मला पटलं. ते रक्त जवळच्या ग्रामीण रुग्णालयात घेता येईल का, हे पुढच्या बैठकीत. ऊसतोडीचं अजून अधांतरी आहे. सिस्टर, तुमच्याकडची किती घरं कोणत्या महिन्यात जातात, ते लिहून द्याल का? गाडीत दिलंत तरी चालेल.

वहीचा नमुना घरी आणलाय. मुलीने आठ दिवस भरून पाहिला. शाळेत गेले, पण दुखत होतं म्हणून दिवसभर काही डोक्यात शिरलं नाही, याला रकाना नाही म्हणाली. तिने पेन्सिलने आखलाय. तसाच फोटो काढून आज पाठवला.