मदत हवी आहे: 'बॉस्टन लीगल'साठी 'द प्रॅक्टिस' कुठून बघू?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. दुकान बंद करून जेवण झालं की रात्री 'बॉस्टन लीगल' या वकिलांवरच्या अमेरिकन मालिकेचा एक भाग बघतो. एकच. त्यातल्या अ‍ॅलन शोअर या वकिलाचं कोर्टातलं समारोपाचं भाषण डोक्यात मुरायला वेळ द्यावाच लागतो. मालिका 2004 ते 2008 ची, भाग 101. सीमाप्रश्नाचा दावाही 2004 मध्येच सुप्रीम कोर्टात गेला. युक्तिवाद म्हटलं की आपल्याकडं कान टवकारतातच.

आता अडचण. अ‍ॅलन आणि दुसरा वकील डेनी क्रेन हे दोघंही मूळचे 'द प्रॅक्टिस' या आधीच्या मालिकेतले, तिच्या आठव्या आणि शेवटच्या सीझनला आलेले. तेवढाच सीझन बघितला तर चालेल, की 1997 पासूनचं सगळं बघायला हवं? अ‍ॅलनला 'द प्रॅक्टिस'मधल्या वकिलांच्या ऑफिसातून का काढलं, ते मला नीट समजून घ्यायचंय.

शिवाय इंग्रजी सबटायटल्स असलेली अधिकृत प्रत कुठं मिळेल? वकील इतकं भरभर बोलतात की वाचल्याशिवाय निम्मं निसटतं. बेळगावात कुणाकडं डीव्हीडी असतील तर येऊन घेऊन जातो, जपून परत करीन. शेवट तेवढा सांगू नका, मी अजून तिसऱ्या सीझनवर आहे.