टाहोला आई-बाबा आणि मुलांसोबत कयाकिंग: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आम्ही बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहतो, नाशिकहून माझे आई-बाबा आलेत आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात टाहोला (कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचा डोंगरातला मोठा तलाव) जायचं ठरलंय. लेकीने (९ वर्षं) मैत्रिणीचं ऐकून कयाक कयाक (वल्ह्याची लहान, अरुंद होडी) असा जप लावलाय. मी आणि नवरा इकडच्या शांत पाण्यात बऱ्यापैकी चालवतो, धाकटा ५ वर्षांचा आहे आणि आईला पोहता येत नाही, वर गुडघे दुखतात, तरी ती म्हणते मी नुसती बसेन, वल्ही तुम्ही मारा.

पण खरा प्रश्न बाबांचा आहे. वय ६९, पोहण्यात तरबेज, अजूनही तिकडे रोज सकाळी तलावावर जातात. लाइफ जॅकेटचा विषय काढला की "होळकर पुलावरून गोदेच्या पुरात उड्या मारल्यात मी, तू मला जॅकेट घालायला सांगतेस?" जावयाने सांगितलं तर हसून चहा मागतात. मी वाचलंय की टाहोचं पाणी जूनमध्ये बर्फासारखं असतं, पण हे त्यांना कसं पटवायचं कळत नाहीये.

तर विचारायचंय असं की टाहोच्या काठावरच्या सँड हार्बर, एमराल्ड बे, किंग्ज बीच यातलं कुठलं बरं पडेल, सहा जणांना कुठल्या कयाक घ्यायच्या, कोणी कुठे बसायचं, आईला चढवायचं-उतरवायचं कसं, आणि बाबांचं काय करू? कॉस्टकोत फुगवायची कयाक स्वस्तात दिसली, ती घेऊ का?

वल्हेबहाद्दर:
फुगवायची स्वस्तातली घेऊ नका. ती हलकी असते, वारा सुटला की पानासारखी आत जाते आणि नवशिक्याला परत आणता येत नाही. तिथेच भाड्याने मिळतात त्यातल्या वरून बसायच्या, म्हणजे सिट-ऑन-टॉप, दोघांच्या घ्या. उलटली तरी आत अडकायला होत नाही. वजनदार आणि जोर असलेला माणूस मागे, हलका पुढे. मुलांना दोन वेगवेगळ्या बोटीत बसवा, प्रत्येकाबरोबर तुमच्यापैकी एक. वजनाची मर्यादा भाड्यावाल्याला विचाराच, जोडीच्या कयाकला साधारण ४०० ते ५०० पौंड असते आणि त्यात थर्मास, डबे, पिशव्या सगळं आलं.

पहिल्यांदाच असेल तर मी किंग्ज बीच सुचवेन, वाळू आहे, काठाला पाणी उथळ आहे. सँड हार्बर दिसायला लाख पटीने सुंदर, ते मोठे गोल खडक आणि तळ दिसणारं पाणी, पण उन्हाळ्यात पार्किंग सकाळीच भरतं. एमराल्ड बेमध्ये फॅनेट बेट वगैरे भारी आहे पण मोटरबोटींच्या लाटा असतात आणि गाडी उभी करून बरंच खाली उतरावं लागतं, परत चढायचं म्हणजे तुमच्या आईंच्या गुडघ्यांना ते नको.

वेळ मात्र सगळीकडे एकच, सकाळी लवकर पाण्यात आणि बाराच्या आत बाहेर. दुपारी वारा सुटतो. २०२५ च्या जूनमध्ये दुपारच्या अचानक वादळात टाहोलाच डी. एल. ब्लिस पार्कजवळ मोटरबोट उलटून दहातले आठ जण गेले. ती बोट २७ फुटांची होती.

थंडगार_पाणी:
बाबांना भाषण देऊ नका. पोहता येतं की नाही हा मुद्दाच नाहीये. गोदेचं पाणी आणि हे पाणी यात फरक आहे, हे बर्फ वितळून आलेलं, ऑगस्टमध्येसुद्धा वरचा थर ६५ ते ७० फॅरनहाइट आणि जूनमध्ये त्याहून बराच कमी. एकदम पडलं की पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही, धाप लागते, त्यात पाणी तोंडात गेलं की संपलं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय धड चालतात, मग बोटं वळेनाशी होतात. भान जायला मात्र तास लागू शकतो, आणि तोवर तोंड पाण्यावर ठेवायला जॅकेटच पाहिजे. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

त्यांना सकाळी काठावर नेऊन गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं उभं करा. मग जॅकेट घालतील. आमच्या काकांनी स्वतःहून मागितलं होतं, आणि वर म्हणाले मला आधीच माहीत होतं :)

नाशिककर_परदेशी:
बाबा होळकर पुलाचे म्हणजे माझ्याच गल्लीतले असणार! आई किंवा मुलांचं जॅकेट फिट आहे का ते असं बघा: सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. कानापर्यंत आलं तर सैल आहे. धाकट्याला पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. १३ वर्षांखालच्यांना जॅकेट अंगावर घालणं कॅलिफोर्निया आणि नेवाडा दोन्हीकडे कायद्याने सक्तीचं आहे, मोठ्यांसाठी निदान बोटीत हवंच.

आईंना चढवताना कयाक गुडघाभर पाण्यात धरून ठेवायची, त्यांनी आधी आडवं सीटवर बसायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. उभं राहून पाऊल टाकू देऊ नका. ओढणी, सुती पंजाबी ड्रेस नको, भिजला की गार आणि जड. उंची सहा हजार फुटांच्या वर आहे, ऊन सणसणीत लागतं, टोपी आणि चष्म्याला दोरी लावा.

अजून एक, टाहोच्या आधी एक शनिवार लिव्हरमोअरजवळच्या डेल व्हॅले तलावावर जा. पाणी बरंच उबदार असतं, आईंना चढ-उतार तिथेच करून बघता येईल. वारा तिथेही दुपारी असतो.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. या शनिवारी डेल व्हॅले पक्कं. बाबांना ती बोटीची बातमी वाचून दाखवली, काही बोलले नाहीत, पण रात्री नवऱ्याला हळूच विचारत होते की जॅकेट पोटावर बसेल ना. आता फक्त धाकट्याचं राहिलंय, कोणाकडे ३० ते ५० पौंडवालं मुलांचं जॅकेट पडून असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, फ्रीमाँटच्या आसपास असाल तर येऊन घेऊन जाईन.