'ऱ्या' असलेली लिंक फोनवर उघडत नाही

पुस्तकवाली: आमचं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचं दुकान आहे. बाबांसाठी यादीची साइट मीच बनवली. 'दऱ्याखोऱ्यांतली भटकंती' या पानाची लिंक लॅपटॉपवर क्रोममध्ये उघडते, पण फोनवर फायरफॉक्समध्ये तीच टाइप केली की पान सापडत नाही. शिवाय 'कथा & कविता' शोधलं की फक्त 'कथा' येतं. शाळा सुरू व्हायच्या आत हे नीट व्हायलाच हवं.

कोथरूडकर: & लिंकमध्ये दोन नोंदी वेगळ्या करतो, म्हणून पुढचं तुटतं. त्याजागी %26 हवं, # साठी %23. # नंतरचं तर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. अख्ख्या लिंकला नको, फक्त शोधशब्दाला 'एनकोड यूआरआय कंपोनंट' हे अशा चिन्हांचे % वाले कोड करणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन लावा.

जुना टंकलेखक: ताई, पहिल्या अडचणीत ब्राउझरचा दोष नाही, कीबोर्ड बघा. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही. लिंकमध्ये मात्र प्रत्येक चिन्हाचे % वाले तीन तुकडे होतात, म्हणजे एका 'ऱ्या'चे १२, दुसऱ्याचे १५. दोन्ही लिंका कॉपी करून नोटपॅडात एकाखाली एक ठेवा आणि मोजा.

पुस्तकवाली: मोजले! लॅपटॉपची लिंक बरोबर ६ तुकड्यांनी लांब निघाली, दोन्ही 'ऱ्या'ंचे तीन-तीन. काका, मनापासून आभार. नाव मराठीच ठेवलंय, फोनवरचं रूप आता त्याच पानाकडे वळवलं. & सुद्धा चालतोय.