रेल्वे फाटक पडल्यावरही बाईकवाले दांड्याखालून का घुसतात?

चुनाभट्टीची आई
मुलाला शाळेत सोडताना रोज मुंबईतल्या चुनाभट्टीच्या फाटकाशी थांबावं लागतं. परवा फाटक पडलेलं, घंटा वाजत होती. एका तरुणाने स्प्लेंडर जवळजवळ आडवी केली आणि मान खाली घालून दांड्याखालून आत घेतली. बायको आधीच उतरून वाकून गेली, कडेवर तान्हं बाळ. रूळ तिरका ओलांडताना त्याचं पुढचं चाक फटीत रुतलं. थांबलेल्यांपैकी दोघांनी धावत जाऊन मागून बाईक उचलली. ते पलीकडे पोचले आणि लोकल धडधडत गेली. बाळाचं टोपडं रुळांतच पडलं होतं. माझा मुलगा विचारतो, "आई, त्याला गाडी दिसली नाही का?" दिसली होती. मग का गेला?

कुरिअरवाला
ताई, मीही जायचो. रिक्षा, मोटार दांड्याखालून जाऊच शकत नाही म्हणून थांबते. बाईक मावते, बस, एवढंच कारण असतं. त्यात किती वेळ उभं राहायचं ते कळत नाही. एक गाडी गेली तरी दांडा हलत नाही, आणि तेवढ्यात पुढचा निघाला की आपला पाय आपोआप गिअरवर जातो. इतक्या वेळा काही झालं नाही, त्यामुळे भीतीच मेली होती. एकदा पावसात ओल्या रुळावर चाक सटकलं, गुडघा फुटला. तेव्हापासून फाटक दिसलं की इंजिन बंद करतो.

निवृत्त मोटरमन
दांडा हलत नाही, कारण दुसऱ्या रुळावरून गाडी येत असते. पहिलीच्या आड ती दिसत नाही आणि लोक नेमके तेव्हाच घुसतात. शिवाय मोठी वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा सावकाश येतेय असं डोळ्यांना वाटतं. लायबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्येच हे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात मांडलं होतं. ताशी 80 किमी वेगाची लोकल सेकंदाला 22 मीटर कापते. ब्रेक मारला तरी थांबायला काहीशे मीटर लागतात. माणूस दिसल्यावर आमच्या हातात भोंगा आणि ब्रेक, बाकी काही नाही. ती शेवटची दोन-तीन सेकंदं अजून झोपेत येतात.

आणखी एक. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय आम्हाला सिग्नल मिळत नाही. दांडा खाली येताना चार बाईक मध्ये शिरल्या की लोकल बाहेर उभी, मागची तिच्या मागे, आणि तुमचंही थांबणं वाढतं. कोणी दांडा हाताने उचलत असेल तर त्याला सांगा, रेल्वे कायदा 1989, कलम 160, 3 वर्षांपर्यंत कैद.

चुनाभट्टीची आई
काका, दुसऱ्या गाडीचं माहीत नव्हतं. आज एक मुलगा वाकायला लागला, मी ओरडले, "दुसरी येतेय रे!" थांबला. खरंच आली.