टर्नटेबल घरी करायचं तर डायरेक्ट ड्राइव्हच करा, बेल्टच्या मागे लागू नका

तबकडीवेडा :
घरी टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) करतोय म्हटलं की जो तो सांगतो बेल्टचं कर, कॅसेट डेकची मोटर घे, रबरी पट्टा लाव, झालं काम. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. दोन पावसाळ्यात पट्टा सैल पडला आणि एलपी चालू असताना सा हळूच खाली यायला लागला. म्हणून यावेळी मोटर आणि तबकडीच्या मधे काहीच ठेवायचं नाही, मोटरनेच थेट फिरवायचं, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह, असं ठरवलं.

भंगारात ५.२५ इंची फ्लॉपी ड्राइव्ह अजून सापडतात, मला पुण्यात जुन्या बाजारात दीडशेला मिळाला. बऱ्याचशांच्या आत चपटी ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर असते, ती मुळातच डायरेक्ट ड्राइव्ह, माझी ३०० आरपीएमची (मिनिटाला ३०० फेरे), म्हणजे एलपीच्या ३३⅓ च्या बरोब्बर नऊपट. माझ्या मोटरीत कॉइलच्या आत लोखंड नाहीये, बोर्डवर नुसत्या सहा कॉइल चिकटवल्यात आणि वर ८ पोलचं चुंबक, त्यामुळे हाताने फिरवली तर कुठेही अडखळत नाही. हे फार महत्त्वाचं. वॉशिंग मशीनची किंवा बीएलडीसी पंख्याची मोटर हाताने फिरवून बघा, टप्पे लागतात, तसली घेऊ नका.

दीड किलोचा प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) मोटरच्या बेअरिंगवर टाकायचा नाही, ते तेवढ्या वजनासाठी नसतंच. मी रोटर (मोटरचा फिरणारा भाग) काढून प्लॅटरच्या बुडाला बसवला, लेथवर १० मिमीचा स्टील शाफ्ट आणि गनमेटलचं बुश करून घेतलं, खाली एक स्टीलची गोळी. प्लिंथ, म्हणजे खालची बैठक, कडप्प्याची, शेजारच्यांनी ओटा बदलला त्यातला उरलेला तुकडा, साडेआठ किलो भरला. टोनआर्म (सुईचा दांडा) सोडून सगळं चार हजाराच्या आत झालं. डायरेक्ट ड्राइव्ह फक्त कारखान्यात होतं हे मला आता अजिबात मान्य नाही.

लेथमास्तर :
दादा, मेहनत पटली, मत नाही पटलं. तीन फेजची (कॉइलच्या तीन गटांची) मोटर साध्या ड्रायव्हर सर्किटने चालवली की इलेक्ट्रिकल फेऱ्याला (चुंबकाच्या पोलच्या दर जोडीमागे एक) सहा टप्पे पडतात. ८ पोल म्हणजे चार जोड्या, म्हणजे प्लॅटरच्या एका फेऱ्यात २४ धक्के. फेरा १.८ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला तेरा धक्के, आणि टोनआर्म-काट्रिजचा (काट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) स्वतःचा रेझोनन्स (स्वाभाविक थरथर) साधारण ८ ते १२ हर्ट्झला असतो, अगदी शेजारीच! बेल्ट हेच धक्के गाळतो, म्हणून तर लोक बेल्ट लावतात. पट्टा शंभर रुपयांत बदलता येतो, धक्के नाही बदलता येत.

तबकडीवेडा :
मास्तर, हिशोब बरोबर आहे, पण मी सहा टप्पे वापरतच नाही. फ्लॉपीचं मूळ सर्किट ३३ वर येतच नाही, ते काढून टाकलं. मायक्रोकंट्रोलरमधून तिन्ही फेजना साइन वेव्ह (टप्प्यांऐवजी सलग चढउतार होणारी वीज) देतो. आधी नुसतंच साइन दिलं तर प्लॅटर स्प्रिंगला टांगल्यासारखा मागेपुढे डोलायचा, स्पीड सरासरी बरोबर पण गाणं हेलकावे खायचं. आठ दिवस डोकं धरून बसलो होतो. मग शाफ्टच्या टोकाला चुंबक आणि त्याखाली एएस५६०० एन्कोडर (प्लॅटर नेमका कुठे आहे ते सांगणारा सेन्सर), फेऱ्याला ४०९६ पायऱ्या, आणि लूप जोडला, म्हणजे एन्कोडर वाचून मोटरचा स्पीड सतत सुधारत राहतो. डोलणं गेलं.

सेकंडहँडवाला :
एवढं कशाला पण? बंद पडलेलं जुनं जपानी डायरेक्ट ड्राइव्ह घ्या, कपॅसिटर बदला, बेअरिंगला तेल घाला. टेक्निक्स कंपनीने एसपी-१० हा डायरेक्ट ड्राइव्ह १९७० साली आणला, १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ चा वॉव-फ्लटर (स्पीडचा हेलकावा) ०.०२५ टक्के. घरी कुणाला जमणारे का हे?

तबकडीवेडा :
बंद पडलेल्याचासुद्धा भाव विचारून बघा एकदा. आणि त्याचा कंट्रोल आयसी गेला असेल तर पुढे काय, तो कुठून आणणार? माझ्या टर्नटेबलातला प्रत्येक भाग उद्या परत मिळू शकतो.

तंबोरा :
मी गाणं शिकवते, मोटरीतलं मला कळत नाही, पण कानाचं सांगते. स्पीड एक टक्का हलला तर सूर १७ सेंट हलतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर), आणि प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर, जेमतेम २२ सेंटची. ख्यालाच्या एलपीत मागे तंबोरा सतत चालू असतो, त्यामुळे हललेला सूर लपत नाही. पट्ट्याच्या टर्नटेबलवर मला हे बऱ्याचदा जाणवलंय.

अजून एक, जुन्या तबकड्या सगळ्या ७८ आरपीएमवर भरलेल्या नाहीत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं भरलं तेव्हा हा आकडा पक्का व्हायचा होता. त्यामुळे प्रत्येक तबकडीला पट्टी जुळवून स्पीड लावता आला पाहिजे. दादांच्या मशीनवर तो थोडा थोडा बदलता येतो का? येत असेल तर माझं मत दादांना. (७८ साठी जाड सुई वेगळी घ्या हं, एलपीची लावू नका.)

तबकडीवेडा :
ताई, येतो, बटणाने ०.१ टक्क्याच्या पायरीने.

लेथमास्तर :
साइन आणि एन्कोडरचं वाचलं, धक्क्यांचा मुद्दा मी मागे घेतो. पण एन्कोडरवरचं चुंबक केसभर जरी मध्यापासून सरकलेलं असेल तरी तो प्रत्येक फेऱ्यात एकदा खोटं बोलणार, आणि तुमचा लूप इमानेइतबारे ते खोटं प्लॅटरवर उतरवणार. बेल्टमध्ये हा प्रश्नच येत नाही. स्पीड मोजला कसा?

तबकडीवेडा :
१८० रेघांची स्ट्रोब डिस्क, विजेसोबत लुकलुकणाऱ्या निऑनच्या दिव्याखाली; स्पीड बरोबर असेल तर रेघा थबकलेल्या दिसतात. दहा सेकंदात एक रेघ सरकली तर फरक ०.१ टक्का. माझ्याकडे त्याहून हळू सरकते.

लेथमास्तर :
वीज ५० हर्ट्झवर खिळलेली नसते, ०.१ टक्का तर ती स्वतःच हलते. क्रिस्टलच्या अचूक ठोक्यावर लुकलुकणारा एलईडी करा आणि परत बघा. शिवाय स्ट्रोबवर फक्त सरासरी दिसते, फेऱ्याच्या आतलं दिसत नाही. ३१५० हर्ट्झचा एकच सूर भरलेली टेस्ट रेकॉर्ड लावून रेकॉर्डिंग टाका इथे, मग बोलू.

तबकडीवेडा :
एन्कोडरचा मुद्दा खरा आहे, मान्य. लूप मुद्दाम मऊ (हळूहळू सुधारणारा) ठेवलाय, बाकीचं प्लॅटरच्या वजनावर सोडलंय, पण मोजल्याशिवाय बोलत नाही. टेस्ट रेकॉर्ड मागवतो. तिचं भोक अर्धा मिमी जरी बाजूला असलं तरी १० सेंमी त्रिज्येवर अर्धा टक्का हेलकावा तिचाच येणार, म्हणून रेकॉर्ड अर्धा फेरा फिरवून ठेवून दोनदा मोजेन. हेलकावा रेकॉर्डसोबत फिरला तर भोकाचा, जागच्या जागी राहिला तर माझ्या एन्कोडरचा. दोन्ही फाइली टाकतो.