मदत हवी आहे: चित्रं काढू की चित्रांचे व्हिडिओ?

नोकरी सांभाळून जलरंगात काम करते. इन्स्टाग्रामवर २०२० मध्ये रील्स आले आणि हळूहळू नुसत्या चित्राच्या फोटोकडे कोणी फिरकेनासं झालं. ओल्या कागदावर रंग पसरतानाचा व्हिडिओ मात्र धो धो चालतो. पण मोबाइल स्टँडला लावला की माझा हात आखडतो. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका दमात मारायचा असतो. फ्रेम नीट करेपर्यंत कागद वाळतो आणि नको तिथे कडा उमटते. (शिवाय लाइक करणारे चित्र घेत नाहीतच.)

उलट महिन्यातून एकदा मोजक्या लोकांना ईमेल पाठवते, त्यांची उत्तरं येतात, कधी चित्रही जातं. मग रील्स सोडून ईमेलवरच भर द्यावा का? पण नवीन माणसं येणार कुठून? कोणी करून पाहिलंय का?